चार वेढे कमी

गेवराई,
दि. १२ जानेवारी २०२५

दस्तगीर,

पत्र लिहायला उशीर झाला, माफ कर. अमीरबी गेल्याचे मला गणपतीच्या दिवसांत कळले आणि आता संक्रांत दोन दिवसांवर आली. त्याच दिवशी अंबाजोगाईची एसटी धरायला हवी होती. पण गुडघा दुखत होता. मग छबुबाईला ताप आला. मग वाटले, अकरा वर्षे ज्याच्या दारात गेलो नाही त्याच्या दारात आता कोणत्या तोंडाने उभे राहायचे. तुझ्या बायकोने बावीस वर्षे तुझ्या डब्यात माझ्यासाठी वेगळी शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, बिनलसणाची, कारण लसणाने मला पित्त होते. हे मी विसरलेलो नाही. अल्ला तिला चांगली जागा देवो. छबुबाई त्या दिवशी जेवली नाही.

फोन केला नाही, कारण फोनवर माझा आवाज चढतो. पत्रात चढत नाही. अक्षर मात्र सातवीतच राहिले आहे, सांभाळून घे.

दुसरे एक किरकोळ काम होते. तू आणि तुझा मतीन पाण्याच्या मोटारींच्या दुरुस्तीचे व्हिडिओ काढता, ते कोणत्या कॅमेऱ्याने काढता? कंपनीचे नाव आणि नंबर कागदावर लिहून पाठव. मी काही तुझे व्हिडिओ बघत नाही. छबुबाई बघते, तिच्या मोबाइलवर येतात. ती म्हणाली, चार लाख लोकांनी तुला मोटार उघडताना पाहिले. मी म्हटले, चार लाख लोकांना कामधंदे नाहीत. पण एक सांगतो, त्या सबमर्सिबलच्या व्हिडिओत तेराव्या मिनिटाला तू पाना उलटा धरला आहेस.

मलाही थोडे व्हिडिओ काढायचे आहेत. दुकानावर हल्ली दिवसाला एखादी मोटार येते, कधी तीही नाही. परवा उमापूरचा एक शेतकरी जळालेली मोटार घेऊन आला. मी खोलायला बसलो तर तो मलाच सांगायला लागला, "अण्णा, दस्तगीरभाई तर आदी खाचंत कागद घालतेत, मंग तार."

मी म्हटले, "आन त्याला कागद घालायला कुनी शिकवलं?"

"उस्तादांनी शिकवलं म्हनतेत ते."

"कोन्ते उस्ताद? नाव काय?"

"नाव न्हाई घेत. आसंल कुनी जुनं मानूस. मेलं बी आसंल."

मी जळालेली तार काढून नवी गुंडाळली. मोटार भरून दिली. पण कॅमेऱ्याचे नाव तेवढे कळव. स्वस्तातला असेल तर बरे. तुझ्याइतका भारी नको.

तुझा,
बंकट अण्णा


गेवराई,
दि. २ फेब्रुवारी २०२५

दस्तगीर,

तुझे कार्ड मिळाले. चारच ओळी. तुझा हात पहिल्यापासून आखडता.

तू लिहितोस, 'अण्णा, कॅमेरा नाही, मतीनच्या जुन्या मोबाइलवर काढतो.' सांगायचे नसेल तर सांगू नको, पण मला असे खेळवू नको. मी बावीस वर्षे तुझ्याशेजारी बसलो आहे. मोबाइलवर तांब्याची तार अशी केसासारखी वेगळी दिसते होय? पाच एचपीच्या मोटारीची खाच अशी स्वच्छ, आत बोट घालून बघावे अशी दिसते होय? धंद्यातली गोष्ट कोणी सांगत नसते, हे मला कळते. मीही सांगितली नसती. पण मग 'मोबाइल' असे तरी म्हणू नये.

ठीक आहे. तू नाही सांगितलेस तर गावात सांगणारे आहेत. बसस्टँडच्या मागे सोमेश्वरचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या शूटिंगवाला, आता केस पिकलेत. त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "अण्णा, तुमाला लगीन काढायचंय का मोटार?"

मी म्हटले, "मोटारच, पन लग्नावानी दिसली पायजे."

त्याने टेबलावर चार वस्तू मांडल्या. एक मोठा, ज्याची भिंगे बदलता येतात. तो हातात घेतल्यावर माझे मनगट वाकले. दुसरा हॅन्डीकॅम, तळहातात पट्टा अडकवून धरायचा. तिसरा काडेपेटीएवढा, पोरे गाडी चालवताना डोक्यावर बांधतात तो. त्यात मोटार दाखवली तर ती बटाट्यासारखी फुगलेली दिसली. चौथा एका दांडीवर बसवलेला, मान आपोआप सरळ ठेवणारा. हात हलला तरी चित्र हलत नाही म्हणे. माझा हात हल्ली हलतो, म्हणून तो मला आवडला. पण किंमत ऐकून मीच सरळ झालो. छबुबाईने मला एका शेळीपुरती परवानगी दिली आहे. त्या दांडीला तीन शेळ्या लागतात.

मी प्रत्येकाला एकच विचारत होतो, दस्तगीरच्या व्हिडिओसारखे येईल का. सोमेश्वर शेवटी कावला. "आवो अण्णा, तुमाला कॅमेरा पायजे का दस्तगीर?"

असली माणसे गिऱ्हाईक कसे टिकवतात, देव जाणे.

तू कार्डात लिहिले आहेस की व्हिडिओखाली हल्ली कोणीतरी वाईटसाईट लिहिते. कोण लिहितो मला काय माहीत. मी मोबाइलला हात लावत नाही. पण एक खरे सांगू का, त्या माणसाचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. तार फर्म्याच्या लाकडी साच्यावर गुंडाळायची वेळ आली की तू चित्र पळवतोस आणि वर गाणे लावतोस. किती वेढे दिले ते कोणालाच कळत नाही. मग शेतकऱ्याने काय शिकायचे? गाणे? जो लपवतो त्याने उस्ताद म्हणवून घेऊ नये, हे त्याने लिहिले आहे ते कडू आहे, पण खोटे नाही.

वहिनींना सलाम लिहिलास. सांगितला.

बंकट अण्णा


गेवराई,
दि. २० फेब्रुवारी २०२५

दस्तगीर,

तू खरे बोलत होतास. मोबाइलच आहे.

मी हे कसे शोधले ते सांगतो, म्हणजे तुला वाटायला नको की मी कोणाला विचारत फिरलो. तुझा सोळा तारखेचा व्हिडिओ छबुबाई बघत होती. त्यात तू स्टीलचा पंप पुसून उभा केलास. मी म्हटले, थांबव. तिने बोट ठेवून थांबवला. मी चष्मा काढून जवळ नेला. पंपाच्या चकचकीत अंगावर मतीन दिसत होता, लांबट, उभा ताणल्यासारखा. त्याच्यासमोर एक स्टूल, स्टुलावर विटा, विटांना सुतळीने बांधलेला मोबाइल. त्याचा वरचा कोपरा फुटलेला. आणि दारातून ऊन येत होते, त्यात पांढरी चादर आडवी टांगली होती.

मी तासभर बसून राहिलो. मोठे यंत्र दिसले असते तर बरे वाटले असते रे. वाटले असते, यंत्रात करामत आहे, माणसात नाही. इथे तर नुसत्या विटा आणि सुतळी. छबुबाई म्हणाली, "आता काय तोंड पाडून बसले? मानूस खरं बोलला त्याचंबी दुःख?"

सोमेश्वरला सांगितले तर तो हसला. म्हणाला, "म्या पहिल्या दिवशीच सांगनार होतो, पन तुमी आयकायला आलते का? चित्राचं नंतर बघा. आदी आवाज. लोक धूसर चित्र बघतेत, पन फाटका आवाज दोन मिंटं बी आयकत न्हाईत. मंग उजेड. मंग कॅमेरा." तुझ्या गळ्याशी शर्टाला चिमटा दिसतो, तो माइक आहे, हे मला त्या दिवशी कळले. मी समजत होतो, पेन आहे.

दोन दिवसांसाठी त्याचा हॅन्डीकॅम वापरायला आणला. दुकान बायपासवर, त्यामुळे माझ्या आवाजापेक्षा ट्रकांचे हॉर्न जास्त आले. तारेवर नेम धरला तर तार धूसर आणि मागच्या भिंतीवरचे तारखांचे कॅलेंडर स्पष्ट, एकादशीसकट. सोमेश्वर म्हणाला, हा लांबचे बघणारा आहे, तुम्हाला जवळचे बघणारा हवा. मलाही आयुष्यात कोणीतरी हे आधी सांगायला हवे होते.

शेवटी घेतला. जुना आहे, पण धड आहे. जवळची वस्तू धरतो, बाजूचा पडदा उलटा वळतो, म्हणजे काढताना आपणच आपल्याला दिसतो, आणि माइकची पिन बसते. माइक वेगळा घेतला, चिमटावाला. दीड शेळी झाली. छबुबाईला एकच सांगितली आहे. तू बोलू नको.

पहिला व्हिडिओ काढला. चाळीस मिनिटे. सगळे नीट लावले, दाराला तुझ्यासारखी चादर टांगली, 'नमस्कार' म्हटले, मोटार उघडली, खाचा पुसल्या, फर्म्यावर तार धरली. संध्याकाळी सोमेश्वरने तो लावून दाखवला. पहिली पाच मिनिटे माझे तोंड आणि पुढची पस्तीस मिनिटे टॉवेल. तार धरली रे धरली की मी खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि हातांवर टाकला. मला कळलेसुद्धा नाही. पन्नास वर्षांची सवय. सोमेश्वर हसून हसून खुर्चीवरून घसरला.

तुला तो टॉवेल आठवत असेल. तू समोर बसून पंपांचे बेअरिंग बदलायचास आणि मी वेढे मोजायला लागलो की मान दुसरीकडे वळवायचास. मी कधी वळव म्हटले नव्हते. तू आपण होऊन वळवायचास.

बंकट अण्णा


गेवराई,
दि. ११ मार्च २०२५

दस्तगीर,

रोजे चालू झाले असतील. उन्हात विहिरीत उतरू नको.

काल तुझा नवा व्हिडिओ पाहिला. मी पाहिला, छबुबाईने नाही. तिच्या हातातून मोबाइल मीच घेतला. सुरुवातीलाच तू म्हणालास की खाली एका जाणकार माणसाने लिहिले आहे, गिनती लपवतो म्हणून. लपवत नाही, लोकांना कंटाळा येतो म्हणून मतीन पळवतो. पण आज पळवायचे नाही, गाणे नाही, पाच एचपीच्या मोनोब्लॉकची एक कॉइल मी मोठ्याने मोजून भरतो.

आणि मोजायला लागलास. एक, दोन, तीन. तुझा आवाज बसला आहे रे. मी समोर चहा ठेवून तुझ्याबरोबर ओठांत मोजत होतो. मला माहीत होते तू कुठे थांबणार. बेचाळीसला. बेचाळीस आले. तू थांबला नाहीस. त्रेचाळीस. चव्वेचाळीस. पंचेचाळीस. सेहेचाळीस. मग तार कापलीस आणि म्हणालास, "सेहेचाळीस. एक कमी न्हाई, एक जास्त न्हाई."

छबुबाई म्हणाली, "काय झालं? आसं काय बघायले? चहावर साय आली."

मी म्हटले, काही नाही. पण तुला तरी सांगितलेच पाहिजे, कारण तुला ते माहीत आहे हे आता मला माहीत आहे.

तू दुकान सोडलेस त्या दिवशी मी तुला माझी वही दिली. सगळ्या मोटारींच्या वेढ्यांची वही, निळ्या पुठ्ठ्याची. आजूबाजूचे दुकानदार जमले होते. तू माझ्या पाया पडलास. लोक म्हणाले, बंकट अण्णाचे मन मोठे, भागीदार सोडून चालला तरी हातातली विद्या देऊन टाकली. मी मान हलवली. अकरा वर्षे गेवराईत लोक ही गोष्ट सांगतात आणि मी मान हलवतो.

त्या वहीत प्रत्येक आकडा चारने कमी आहे. सेहेचाळीसच्या जागी बेचाळीस. अडतीसच्या जागी चौतीस. माझ्या उस्तादांनी मला तसे लिहायला शिकवले होते. वही चोरीला गेली तर चोराच्या हाती चार वेढे कमी लागावेत. वेढे कमी पडले की मोटार फिरते, पाणी देते, पण करंट जास्त ओढते, तापते, आणि काही दिवसांत जळते. चार आपल्या डोक्यात ठेवायचे. वही ज्याला द्यायची त्याला कानात सांगायचे, चार मिळव. माझ्या उस्तादांनी मला तसे सांगितले होते.

मी तुला सांगायचे विसरलो.

हे वाक्य लिहून मी उठलो, पाणी पिऊन आलो. विसरलो नव्हतो. तू वाकलास तेव्हा तुझा कान माझ्या तोंडापासून वीतभर होता. मला वाटले, हा आता अंबाजोगाईत दुकान काढणार, याचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, हा बोलतो गोड, गिऱ्हाइके विहिरीवर यालाच बोलावतात, मला कोणी बोलावत नाही. वेढे तेवढे माझ्याजवळ होते. तेही दिले तर माझ्याजवळ काय राहिले? एवढाच विचार केला, तोपर्यंत तू उभा राहिला होतास.

आणि खाली लिहिणारा जाणकार मीच आहे. 'एक जाणकार शेतकरी' असे लिहून सही केली होती. तुला कळले नसेल, पण तेही सांगून टाकतो.

आता तू मला एवढेच कळव, तुला चार वेढे कधी समजले. आधी समजले की उशिरा. झोप लागत नाही.

बंकट अण्णा


गेवराई,
दि. ३ एप्रिल २०२५

दस्तगीर,

ईद मुबारक. तीन दिवस उशिरा देतो आहे. तुझे पत्र ईदच्या आदल्या दिवशीच मिळाले होते, पण ते मी सहा वेळा वाचले आणि प्रत्येक वेळी उत्तर लिहायला घेतलेला कागद तसाच राहिला.

तू लिहिले आहेस, 'जाणकार कोण हे पहिल्या दिवशीच कळले. वहिनींच्या मोबाइलवरून लिहिले की वहिनींचे नाव आणि म्हशीबरोबरचा फोटो वर येतो. मतीन म्हणाला, अब्बा, छबुबाई चाची मोटारीतल्या उस्ताद कधी झाल्या? म्हणून सलाम पाठवला होता.' मी हे छबुबाईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "माझ्या नावानं शिव्या दिल्या काय वो तुमी? त्या मान्साच्या घरचं मीठ खाल्लंय मी." दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. भाकरी ताटात ठेवायची नाही, ताटाशेजारी ठेवायची.

ते सोड. त्याखाली तू जे लिहिलेस ते मी इथे परत लिहितो, म्हणजे मी वाचले हे तुला कळेल.

अंबाजोगाईत पहिली मोटार आप्पारावची आली. तू माझ्या वहीतून बेचाळीस बघून भरलीस. आठ दिवसांत जळाली. तुला वाटले, हात चुकला. दुसऱ्यांदा भरलीस, पुन्हा बेचाळीस, पुन्हा जळाली. तोवर त्याची मोसंबी वाळायला लागली होती. तो दुकानात आला आणि मतीनच्या समोर त्याने तुझ्या कानाखाली मारली. मतीन सोळा वर्षांचा होता. तू वही काढून दाखवली नाहीस. 'उस्तादांच्या वहीवरून भरली' एवढे म्हणाला असतास तरी तो तुला सोडून मला शिव्या देत बसला असता. तू म्हणालास, हात चुकला.

मग तू भंगारवाल्याकडून जुन्या कॉइली पोत्याने आणल्यास आणि अमीरबीबरोबर बसून एकेक वेढा सोडवत दोन महिने मोजल्यास. ती मोजायची, तू लिहायचास. दहा-बारा मोटारी झाल्यावर तिच्या लक्षात आले. ती म्हणाली, 'ये देखो, सब में चार का फरक है. अण्णा गलती करनेवाले आदमी नहीं.' तू लिहितोस, त्यावर तुम्ही दोघे हसलात. मला ते हसणे सहन होत नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी परत दिल्या असत्या.

आणि नाव का घेत नाहीस तेही लिहिलेस. 'नाव घेतले तर लोक वही मागतील, उस्तादांची वही दाखवा म्हणतील. खरी दाखवली तर तुमची अब्रू जाते आणि खोटी दाखवायची मला जमत नाही. म्हणून नुसते उस्ताद म्हणतो. मतीनला तेही म्हटलेले आवडत नाही.'

मतीनचे बरोबर आहे.

दस्तगीर, मी तुझ्यावर आयुष्यभर जळलो. तुझ्या हातावर, बोलण्यावर, डब्यावर, विहिरीवर तुला चहा मिळायचा त्यावर. मग त्या चार लाखांवर. आता या पत्रामुळे आणखी एका गोष्टीवर जळतो, आणि ती मोबाइलवर कोणाला दिसतसुद्धा नाही. कॅमेरा घेतला तेव्हा माझ्या मनात होते की तुझ्यापेक्षा चांगले चित्र काढायचे, सेहेचाळीस वेढे दाखवायचे, आणि सगळ्यांना कळू द्यायचे की दस्तगीरला बेचाळीसच येतात. हे होते मनात. म्हणून तर तुला डिवचत होतो, मोठ्याने मोज म्हणून. तुला जगासमोर बेचाळीसवर थांबवायचे होते मला. हे मागच्या पत्रात लिहिले नव्हते. आता लिहिले.

काल सकाळी दुकानात बसलो. टॉवेल घरी ठेवून गेलो होतो. चादर टांगली, माइक लावला, पडदा उलटा वळवला. स्वतःचे तोंड समोर दिसत असताना बोलणे अवघड जाते, म्हणून मग पडदा बंद केला. सात मिनिटांचा व्हिडिओ आहे. त्यात मी माझे नाव सांगितले आहे, गाव सांगितले आहे. वहीची गोष्ट सांगितली आहे, चार वेढे का कमी ते सांगितले आहे, आणि वही देताना मी काय केले तेही. आप्पारावची मोटार दस्तगीरच्या हाताने नाही, माझ्या तोंडाने जळाली, असे म्हटले आहे. मग ज्या मोटारींचे खरे आकडे मला आठवतात ते सगळे वाचले आहेत. आकडे वाचताना एकदा अडखळलो, ते तसेच ठेवले आहे. काढून टाकता येते असे सोमेश्वर म्हणाला, मी नको म्हटले.

ते सोमेश्वरने काढून दिलेल्या माझ्या चॅनलवर टाकणार होतो. पण माझ्या चॅनलवर अकरा माणसे आहेत, त्यांतली एक छबुबाई आणि एक सोमेश्वर. तिथे टाकणे म्हणजे विहिरीत तोंड घालून कबूल करण्यासारखे. तुझ्या लोकांनी बघितले पाहिजे. अंबाजोगाईत कोणी त्या कानाखालीची गोष्ट अजून सांगत असेल, तर त्याने बघितले पाहिजे.

म्हणून कॅमेऱ्यातले कार्ड काढून या पत्राबरोबर पाठवतो आहे. नखाएवढे आहे, औषधाच्या रिकाम्या पाकिटात घालून चिकटवले आहे, पाकीट कापताना जपून काप. दुसरी प्रत नाही. सोमेश्वर म्हणाला, अण्णा, एक प्रत ठेवा. मी ठेवली नाही, कारण ठेवली असती तर मी ती रोज बघितली असती आणि तुला फोन करून म्हणालो असतो, टाकू नको.

टाकायचे की नाही ते तू आणि मतीन ठरवा. मतीनने नाही म्हटले तर कार्ड मोडून टाका, मी विचारणार नाही. टाकले तर टाका. बारा वाटांनी लोक येऊन शिव्या देतील, त्या मी वाचीन, छबुबाईच्या मोबाइलवर नाही, स्वतःच्या नावाने. इतकी वर्षे मला वाटत होते की तू माझे नाव घ्यावे. घ्यायचे असेल तर आता असे घे.

मतीनला एक विचार, उजेड बरा आला आहे का. डाव्या बाजूने तोंड काळे दिसते की काय अशी मला शंका आहे. उगाच विचारतो.

रजिस्टर पोस्टाने पाठवतो आहे, तरी मन थाऱ्यावर नाही. सकाळी तिकीट किती लागेल विचारायला गेलो, तर पोस्टातल्या पोराने पाकीट दाबून पाहिले, आत काय म्हणाला. मी म्हटले, औषध. कार्ड वाकेल, ओले होईल, दुसऱ्याच दस्तगीरला जाईल, असे वाटत राहते. उन्हाळा वाढतो आहे, गुडघा बरा आहे, तू म्हणशील तेव्हा मी एसटीत बसेन. ये म्हण किंवा येऊ नको म्हण. फोन केलास तरी चालेल, मी आवाज चढू देणार नाही. पण दस्तगीर, कार्ड हाती पडले एवढे तरी मला लवकर कळव.

तुझा,
बंकट